रविवारचा अंगठा

१

चतुराबाईंच्या डाव्या अंगठ्यावरची पट्टी सोडली आणि इंदुताई ओव्हाळ थबकल्या.

मंगळवारी दुपारचे साडेतीन वाजले होते. पिंपरी स्टेशनच्या मागे, जिथे पूर्वी लाकडाची वखार होती तिथे उभ्या राहिलेल्या वखारीच्या चाळीत, सात नंबरच्या खोलीत बायका म्हातारीला शेवटची अंघोळ घालत होत्या. आजी आदल्या रात्री झोपेतच गेली होती. वर्षभर पायांवर सूज होती, चार पावलं टाकली की धाप लागायची. इंदुताई कामगारांच्या दवाखान्यात नर्स होत्या. सकाळी सात वाजता ड्यूटीवर जाताना त्यांनीच येऊन हात पाहिला होता आणि डोळे मिटले होते. तोवर अंग ताठलं होतं. म्हातारं माणूस, दुबळं काळीज. मरणात वावगं काहीच नव्हतं.

वावगं होतं ते पट्टीखाली.

पट्टी इंदुताईंनीच सोमवारी संध्याकाळी बांधली होती. दोडका चिरताना विळी लागून अंगठ्याच्या पेरावर आडवं कापलं होतं. सकाळी हात हातात घेतला तेव्हा पट्टी जशीच्या तशी, पांढरीफेक होती. आता तीच पट्टी सैल होती, चिकटपट्टीचं टोक उलटं वळलं होतं. आत नखाच्या कडेला आणि कातडीच्या भेगांत जांभळी शाई मुरली होती. शाई पुसायला कोणीतरी रॉकेल वापरलं होतं. उदबत्त्यांच्या वासातूनही तो वास नाकात शिरला.

जखमेतसुद्धा शाई गेली होती.

इंदुताईंनी वीस वर्षांत पू पाहिला होता, किडे पडलेल्या जखमा धुतल्या होत्या. कधी तोंड फिरवलं नव्हतं. आज मात्र फिरवलं. सकाळी सात ते दुपारी तीन, या वेळात कोणीतरी मेलेल्या बाईची पट्टी सोडली होती, तिचा अंगठा शाईत बुडवला होता, आणि पुन्हा पट्टी बांधून ठेवली होती.

"काय झालं, ताई?" आजीची भाची कस्तुरा रडता रडता म्हणाली. ती चार दिवसांसाठी नांदेडला गेली होती, ठरल्याप्रमाणे आज यायची होती, ती तासाभरापूर्वीच पोचली होती. तिच्यासाठीच मयत थांबवून ठेवली होती.

"काही नाही," इंदुताई म्हणाल्या. "पाणी घाल."

२

शाई कशासाठी लागली होती, ते गुरुवारी कळलं.

चाळमालक हिंदुरावांचा मुकादम चिमाजी सकाळी नऊ वाजता सात नंबरच्या दारात येऊन उभा राहिला. कस्तुरा चुलीपुढे बसली होती.

"पोरी, सामान काढ," चिमाजी म्हणाला. "तुझ्या आत्यानं खोली सोडलीया. राजीखुशीनं. ह्यो बघ कागद."

गलका ऐकून चाळ गोळा झाली. इंदुताईही त्या दिवशीच्या उशिराच्या ड्यूटीला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

१९७९ साल होतं. आजूबाजूला कारखान्यांची रांग लागली होती आणि जागेला सोन्याचा भाव आला होता. हिंदुरावांना बावीस खोल्यांची चाळ पाडून तिथे दुकानांची चार मजली इमारत उठवायची होती. सात नंबरची खोली फाटकाला लागून होती. ती पाडली की ट्रक थेट अंगणात शिरले असते, आणि मग उरलेल्यांना हुसकायला फार वेळ लागला नसता. म्हणून दोन वर्षांपूर्वी भाडेकरूंनी संघ काढला होता. एकट्या बायका, म्हातारी माणसं, कंपनीतून कमी केलेले कामगार, यांच्या खोल्या आधी जातात. तेव्हा त्यांच्या पाठीशी सगळ्यांनी उभं राहायचं, कोणीही कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

कायदा कस्तुराच्या बाजूने होता. भाडेकरू मेला, तर त्याच्याजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाला खोली मिळते. नवऱ्याने टाकलेली कस्तुरा तीन वर्षं आत्याजवळ राहत होती. पण आत्यानेच मरणाआधी खोली सोडली असेल, तर कस्तुराचा हक्क उरतच नव्हता.

"बघू कागद," इंदुताई म्हणाल्या.

"लांबनंच बघा, ताई."

टाइप केलेला मसुदा होता. नाव, खोली नंबर आणि तारीख तेवढी हाताने भरलेली. साक्षीदार दोन्ही मालकाचे. तारीख होती रविवारची, म्हणजे आजी जाण्याच्या आदल्या दिवसाची. खाली जांभळ्या शाईत डाव्या अंगठ्याचा ठसा.

"आजी अंगठा देणारच नाही," संघाचा चिटणीस साहेबराव मागून म्हणाला. तो कंपनीत कारकून होता आणि संध्याकाळी अंगणात प्रौढांचा साक्षरता वर्ग घ्यायचा. "चार महिने पाटी घेऊन बसली होती. सही करायला शिकली होती. मरेन पण अंगठा उठवणार नाही, म्हणायची."

"मग नीट शिकली न्हवती म्हना की," चिमाजी म्हणाला. "भाड्याच्या जुन्या करारावर डाव्या अंगठ्याचाच ठसा हाय. ताडून बघा. शनिवारपातुर खोली मोकळी करा."

ठसा खरंच आजीचा होता. इंदुताईंना त्याबद्दल शंकाच नव्हती. त्या वाकून निरखत होत्या ती दुसरीच गोष्ट. ठशाच्या मधोमध, पेरावर, एक आडवी पांढरी रेघ होती.

विळीचं कापलेलं. सोमवारी संध्याकाळचं. रविवारच्या कागदावर.

३

इंदुताई कोणाला काही बोलल्या नाहीत. आजीच्या अंगठ्याला शाई लावायला मालकाचा माणूस खोलीत आला असता, तर तो पन्नास डोळ्यांना दिसला असता. हे काम चाळीतल्याच कोणाचं तरी होतं. आजीची मयत उचलताना जे रडले होते, त्यांच्यातल्याच कोणाचं तरी.

त्या आधी गिरजाबाईंकडे गेल्या. गिरजाबाई आठ नंबरमध्ये राहायच्या, मूळच्या मावळातल्या. मंगळवारी सकाळी चहा घेऊन गेल्या, तेव्हा आजी गेल्याचं त्यांनाच पहिल्यांदा कळलं होतं.

"आमी बाया सकाळधरनं बसूनच व्हतो की," गिरजाबाई म्हणाल्या. "बाराला नळाला पानी आलं, तवा तेवढं उठलो. पानी सोडून चालतंय व्हय? संघाचे अण्णा म्हनले, जावा तुमी, मी बसतो म्हातारीपाशी. लई मोठ्या मनाचा मानूस."

"परत कधी आलात?"

"तास झाला आसंल. नळावर गर्दी."

"आजीला कापलं कधी, आठवतं?"

"आठवतंय तर. सोमवारी दिवस कलायच्या टायमाला. माज्याच विळीवर दोडका चिरत व्हती. माजा जीव आजून तुटतोय."

गिरजाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "ताई, एक सांगू? किसन त्या चिमाजीसंगं आठवड्यामागं बोलत उभा व्हता. फाटकापाशी. मला बगितलं आन् गप झाला."

४

किसन बीडकडचा. कारखान्यातून कमी केल्यापासून मिळेल ते काम करायचा. पंधरा नंबरच्या दारात बिडी ओढत बसला होता.

"बोललो व्हतो, खोटं कशाला सांगू?" तो म्हणाला. "नव्या बिल्डिंगीवर वॉचमन ठिवतो म्हनला. म्या म्हनलं, इचार करून सांगतो. प्वाट हाय, ताई."

"मंगळवारी दुपारी आजीजवळ एकटा होतास का?"

"व्हतो की. बांबू आनायला जायच्या आधी. अण्णा चहाला गेलते. म्या मेनबत्ती लावली, पाया पडलो, निघालो." त्याने बिडी विझवली. "माझ्यावर डाऊट हाय का तुमचा?"

"आजीला कापलं कधी?"

"हे काय इचारनं झालं? सोमवारी म्याच तिला धरून तुमच्या दवाखान्यात आनली न्हाई का? तुमीच पट्टी बांधली."

ते खरंच होतं. इंदुताई उठल्या.

साहेबराव शाईच्या प्रश्नावर पांढरा पडला. संघाचा रबरी शिक्का आणि जांभळ्या शाईचं पॅड त्याच्याच पिशवीत असायचं.

"मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरायला मी सकाळीच पिशवी घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "ती खोलीतच खुंटीला अडकवून ठेवली. संध्याकाळपर्यंत तिथेच होती. आणि हो, मीही दहा मिनिटं एकटा होतो. ताई, लोक आता माझंच नाव घेतील ना?"

"आजीला कापलं कधी?"

"सोमवारी. सातच्या वर्गाला पट्टी बांधूनच आली. उजवा हात शाबूत आहे म्हणाली, आणि पाटीवर पाच वेळा नाव लिहिलं." तो पुढे म्हणाला, "शेवटचं अगदी सरळ आलं होतं."

५

शेवटी त्या लक्ष्मणरावांकडे गेल्या.

लक्ष्मणराव संघाचे अध्यक्ष. सगळी चाळ त्यांना अण्णा म्हणायची. तीस वर्षं फिटर म्हणून राबलेले, संपात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांची बायको कौशल्याबाई अर्धांगाने खाटेवर होती. अण्णा तिला चमच्याने पेज भरवत होते. इंदुताईंना त्यांच्याबद्दल वडिलांइतका आदर होता.

"बसा, ताई. मला वाटलंच तुम्ही येणार," अण्णा म्हणाले. "मी शनिवारपासून सांगवीला होतो, लेकीकडे, नातीच्या बारशाला. मंगळवारी सकाळी आठला परत आलो, तर ही बातमी. इकडं रविवारी असं काही घडलं, आणि मी नव्हतो. मी असतो तर चिमाजीची हिंमत झाली असती का?"

"मंगळवारी दुपारी तुम्ही आजीजवळ बसला होता."

"बसलो होतो. बायका गेल्यावर दार लोटून घेतलं जरा, माश्या येत होत्या म्हणून. मग किसन आला, तेव्हा चहाला गेलो. नंतर साहेबराव होता." त्यांनी आवाज खाली आणला. "पॅड त्याच्याच पिशवीत असतं, ताई. शिकलेल्या माणसाचा काही भरवसा नाही. मी नाव घेत नाही कुणाचं."

"आजीच्या अंगठ्याला कापलं होतं. कधीचं होतं ते?"

"ते होय? जुनंच असेल. म्हातारीची बोटं कायम चिरलेली असायची. मागच्या आठवड्यातलं असेल." अण्णांनी बायकोचे ओठ फडक्याने टिपले. "त्याचं काय?"

"काही नाही," इंदुताई म्हणाल्या.

त्या दाराबाहेर आल्या. बारा नंबरपासून आपल्या खोलीपर्यंतची वीस पावलं त्यांना फार लांब वाटली. घरी जाऊन त्या मोरीत ओकल्या.

६

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता अंगणात संघाची सभा भरली. चिमाजीला इंदुताईंनी मुद्दाम बोलावलं होतं. कस्तुरा खोली सोडायचं कबूल करणार असेल, अशा समजुतीने तो कागद घेऊन आला होता. सतरंजीवर चाळ दाटीवाटीने बसली होती. अध्यक्ष म्हणून अण्णा मधल्या खुर्चीवर होते.

अण्णाच आधी बोलले. आजीची थोरवी सांगितली. मग म्हणाले, "आपल्यातच कोणी फितूर आहे. पॅड कोणाकडे असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. साहेबरावांनी राजीनामा द्यावा, एवढंच मी म्हणतो."

लोक कुजबुजू लागले. साहेबराव मान खाली घालून बसला होता. इंदुताई उठल्या.

"मी दोन मिनिटं बोलते," त्या म्हणाल्या. "चिमाजी, कागद सगळ्यांना दिसेल असा धरा. ठशात आडवी पांढरी रेघ आहे, बघा. कापलेल्या जागेवर ठसा उठत नाही, तिथे रेघ राहते. आजीला कापलं सोमवारी संध्याकाळी. दवाखान्याच्या रजिस्टरात तारीख आणि वेळ आहे, माझ्या अक्षरात. मग हा ठसा रविवारचा कसा?"

चिमाजीने कागद खाली घेतला.

"मंगळवारी सकाळी सात वाजता पट्टी मी बांधली तशीच होती. दुपारी तिच्याखाली शाई होती. म्हणजे आजी मेल्यावर तिचा अंगठा उठवला. जुन्या करारावर डावा होता, म्हणून डावाच घ्यावा लागला, जखम असूनसुद्धा. त्या वेळात एकटे सापडतील असे तिघे. किसन, साहेबराव आणि अण्णा. गिरजाबाईही दिवसभर आत-बाहेर होत्या, त्यांनाही धरा. पॅड खोलीत खुंटीला होतं, ते कोणालाही घेता आलं असतं."

"म्हणजे काहीच सिद्ध होत नाही," अण्णा म्हणाले.

"होतं. चाळीत कोण कधी असतं, ते चिमाजीला ठाऊक नाही. ज्याने हे केलं, त्याने चिमाजीला तारीख सांगितली रविवारची. आता गिरजाबाईंसमोर सोमवारी कापलं. किसनने सोमवारी आजीला दवाखान्यात आणलं. साहेबरावांनी सोमवारी वर्गात पट्टी पाहिली. सोमवारची जखम असलेला अंगठा रविवारच्या कागदावर उठवण्याचा वेडेपणा या तिघांपैकी कोणी केला नसता. तो असा माणूस करेल, ज्याला जखम कधीची हे माहीतच नव्हतं. जो सोमवारी चाळीत नव्हता."

लोकांच्या माना मधल्या खुर्चीकडे वळल्या.

"आणि रविवारच का? शुक्रवार का नाही? कारण रविवारी चाळीतले सगळे संशयित घरी होते. फक्त एक माणूस सांगवीला होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. तारीख फक्त त्याच्याच सोयीची होती. अण्णा, मी तुम्हाला विचारलं, जखम कधीची. तुम्ही म्हणालात, मागच्या आठवड्यातली."

लक्ष्मणरावांनी चिमाजीकडे पाहिलं. चिमाजी जमिनीकडे बघत होता. तो पुटपुटला, "तारीख ह्यांनीच सांगितली. नव्या बिल्डिंगीत पैल्या मजल्यावर दोन खोल्या देतो म्हनलेत मालक ह्यास्नी. आमी फकस्त लिवून घेतलं. मला पोलिसात गुंतवू नगा."

अण्णा सावकाश उभे राहिले. रडले नाहीत, चिडलेही नाहीत. समजावणीच्या सुरात बोलू लागले, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"हिला खाटेवरून उचलून मोरीत न्यावं लागतं, ताई. पावसाळ्यात खोलीत घोटाभर पाणी. किती वर्षं लढायचं? चाळ आज ना उद्या पडणारच. मी जिवंत माणसाचं काही घेतलं नाही. मेलेल्या बाईला काय फरक पडतो?"

मागच्या बाजूने कस्तुरा उठली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"म्या जित्ती हाय की, अण्णा," ती म्हणाली.

७

चिमाजीने कागद तिथेच फाडला असता. पण साहेबरावने तो आधीच हातातून घेतला होता. दवाखान्याच्या नोंदीची नक्कल जोडून तो वकिलाकडे गेला. मालकाने निरोप धाडला की मुकादमाची चूक झाली, कस्तुराने खुशाल राहावं.

पण चाळीचा राग निवेना. दुसऱ्या रविवारी पुन्हा सभा झाली. किसन म्हणाला, "बारा नंबरचं सामान बाहेर काढा. आजच." गिरजाबाईंनी अण्णांच्या नावाने बोटं मोडली. हात वर करायला सांगितले तेव्हा बहुतेक सगळे वर गेले.

इंदुताईंचा हात वर गेला नाही. त्या उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता.

"मला त्या माणसाची तुमच्यापेक्षा जास्त शिसारी येते," त्या म्हणाल्या. "त्या शाईचा वास अजून माझ्या नाकातून गेला नाही. पण कौशल्याबाई खाटेवर आहेत. संघ कशासाठी काढला आपण? कोणालाही खोलीतून काढू द्यायचं नाही म्हणून. आज आपणच एक खोली रिकामी केली, तर हिंदुरावांचं काम आपणच करू. अण्णांना अध्यक्षपदावरून काढा. त्यांच्याशी बोलू नका. पण बारा नंबरला हात लावायचा नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. किसन थुंकून उठून गेला. थोड्या वेळाने मात्र एकेक हात खाली आला.

चाळ पाडायला मनाई मिळावी म्हणून कोर्टात अर्ज करायचा होता, आणि त्यावर बावीसही खोल्यांच्या सह्या हव्या होत्या. एक जरी कमी पडली, तर मालकाचा वकील तिकडेच बोट घालणार होता. बुधवारी संध्याकाळी अंगणात टेबल मांडलं. इंदुताई अर्ज धरून बसल्या. पहिली सही कस्तुराची झाली. मागून रांग सरकत राहिली.

लक्ष्मणराव शेवटून चौथे होते. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या माणसाने हातभर अंतर सोडलं होतं. ते टेबलापाशी आल्यावर इंदुताईंनी त्यांच्याकडे न बघता, बोटाच्या टोकाने कागद पुढे सरकवला.

त्यांनी सही केली. वळणदार, पक्की सही, तीस वर्षांच्या संघर्षाच्या कागदांवर उठलेली. पेन खाली ठेवलं, पण ते हलले नाहीत.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला माफ करता आलं तर..."

इंदुताईंनी सहीची शाई वाळली का ते पाहिलं.

"पुढे सरका," त्या म्हणाल्या. "मागे लोक उभे आहेत."